पलीकडच्या किनाऱ्यावरची धावपट्टी

अवकाशप्रवासाविषयी जे लिहिले जाते त्यात सारा मान उड्डाणाचा असतो. उलटी गणना, ज्वाळा, धुराचे लोट, आकाशाकडे लागलेले डोळे ह्यांनी पाने भरतात आणि यानाचे परतणे शेवटच्या दोन ओळींत उरकले जाते. जणू वर गेलेले खाली येणारच, त्यात सांगण्यासारखे ते काय? परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर उतरणे हीच अधिक बोलकी घटना आहे, असे आम्हांस वाटते. उड्डाणासाठी समुद्रकाठची निर्जन जागा शोधता येते. उतरणे मात्र जागेच्या आणि माणसांच्या अधिक जवळ येते. धावपट्टी म्हटली की तिच्या भोवती गाव आले, रस्ते आले, अग्निशामक दलातले लोक आले आणि त्याच आकाशातून ये-जा करणारी इतर विमानेही आली.

रोज प्रवासी जिथून ये-जा करतात अशा साध्या नागरी विमानतळावर अवकाशयान उतरू शकेल काय, हा प्रश्न आज पुन्हा गंभीरपणे विचारला जात आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल विमानतळाला मे २०२२ मध्ये तेथील नागरी उड्डाण प्रशासनाने अवकाशयाने उतरवून घेण्याचा परवाना दिला. नियमित प्रवासी वाहतूक करणाऱ्या विमानतळाला असा परवाना मिळण्याची ही पहिलीच वेळ. बातमी नवी असली तरी प्रश्न नवा नाही. चाळीस वर्षांपूर्वी तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विचारला गेला होता, आणि त्या वेळी मिळालेल्या उत्तरांत आजही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून हंट्सव्हिलकडे येण्याआधी त्या जुन्या किनाऱ्यावर थोडे थांबू.

प्रथम यानाचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. अमेरिकेचे स्पेस शटल विमानासारखे दिसे, पण परतताना ते विमान नसे. इंजिनाचे बळ नसलेले ते एक जड ग्लायडर असे. प्रवासी विमान सुमारे ३ अंशांच्या सौम्य उताराने धावपट्टीकडे येते. शटल जवळजवळ २० अंशांच्या उताराने खाली झेपावत असे आणि अगदी शेवटी नाक उचलून ताशी साधारण ३५० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकत असे. वैमानिकाला अंदाज चुकल्यास पुन्हा वर जाऊन फेरी मारण्याची मुभा नव्हती. जी संधी मिळे ती एकच. वजनाचा बाऊ मात्र करण्याचे कारण नव्हते. शटलचे उतरतानाचे वजन सुमारे १०० टन, म्हणजे जंबो जेटहून बरेच कमी. जी धावपट्टी जंबोला पेलते ती शटललाही पेलते. प्रश्न होता तो वेगाचा, आणि चुकीला जागा नसण्याचा. म्हणूनच फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रात त्यासाठी खास बांधलेली धावपट्टी १५,००० फूट लांब आणि ३०० फूट रुंद होती. मुंबईच्या मुख्य धावपट्टीहून ती सुमारे एक किलोमीटरने लांब.

आता प्रश्न असा की, फ्लोरिडात एवढी प्रशस्त धावपट्टी असताना परक्या देशांतील विमानतळांची गरज का पडावी? उड्डाणानंतर साडेआठ मिनिटांत शटल कक्षेपर्यंत पोचे. ह्या साडेआठ मिनिटांच्या मधल्या टप्प्यात एखादे इंजिन बंद पडले, तर यान मागे वळण्यास फार पुढे गेलेले आणि कक्षा गाठण्यास फार मागे राहिलेले असू शके. अशा वेळी एकच वाट उरे, ती म्हणजे अटलांटिक महासागर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरणे. फ्लोरिडातून निघालेले यान अर्ध्या तासाच्या आसपास आफ्रिकेत किंवा युरोपात जमिनीला टेकणार, अशी ही योजना. त्यामुळे पलीकडच्या ठरलेल्या जागांपैकी निदान एका ठिकाणी हवामान अनुकूल असल्याखेरीज इकडे उड्डाण करायचे नाही, असा दंडक होता. २२ नोव्हेंबर २००२ रोजी एंडेव्हर यान फ्लोरिडात सज्ज उभे असतानाही निघू शकले नाही, कारण स्पेनमधील हवामान खराब होते. दुसऱ्या दिवशी ते निघाले.

ह्या जागा कोणी नकाशावर आवडीने निवडलेल्या नव्हत्या. यान ज्या कलाने कक्षेत जाणार त्या वाटेखाली जी जमीन येईल तीच उपयोगाची. फ्लोरिडातून सरळ पूर्वेकडे, विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करून निघणाऱ्या मोहिमांची वाट पश्चिम आफ्रिकेकडे जाते. तिथे हवे तिथे लष्करी तळ मिळणे शक्य नव्हते. मग सेनेगलमधील डाकार, मोरोक्कोमधील कासाब्लांका अशा नागरी विमानतळांचा विचार करणे भाग पडले.

विमानतळाची पारख करताना लांबी ही पहिली कसोटी, पण ती सर्वांत सोपी. मोजपट्टी लावली की उत्तर मिळते. त्यानंतरच्या कसोट्या अवघड. धावपट्टी पुरेशी रुंद आहे काय, तिच्या पृष्ठभागावर कुठे खोलगट भाग आहे काय, दोन्ही टोकांना काय आहे, समुद्र की टेकडी की वस्ती? तीव्र उताराने येणाऱ्या यानाला दिशा दाखवणारे दिवे सामान्य विमानतळावर नसतात; ते नव्याने बसवावे लागतात. सूक्ष्मलहरींवर चालणारी दिशादर्शक यंत्रणा हवी, हवामानाची नोंद घेणारे पथक हवे, जखमींना नेण्यासाठी विमान हवे. शिवाय यानाच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखी अत्यंत विषारी इंधने उरलेली असत. म्हणजे यान सुखरूप थांबले तरी त्याच्याजवळ धावत जाणे हेच धोक्याचे. मदतीला धावून जाण्याची सवय असलेल्या अग्निशामक जवानाला इथे आधी थांबायला शिकवावे लागे. आणि अवघ्या काही मिनिटांच्या सूचनेवर आकाश मोकळे करावे लागणार, तेव्हा हवेत असलेल्या प्रवासी विमानांचे काय, ह्याचेही उत्तर तयार ठेवावे लागे. यान एकदा उतरले की त्याला परत न्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. शटल स्वतः उडू शकत नसे. खास बनवलेल्या ७४७ विमानाच्या पाठीवर चढवून ते न्यावे लागे. ती चढवाचढव होईपर्यंत विमानतळाच्या दैनंदिन व्यवहाराने काय करायचे?

ह्या साऱ्या कसोट्यांपैकी एक वरवर अगदी किरकोळ वाटणारी कसोटी इतिहासाच्या एका काळ्या दिवसाशी जोडली गेली आहे, ती अशी.

जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचे उड्डाण मुळात दुपारी होणार होते. २२ जानेवारीसाठी ठरलेली वेळ फ्लोरिडाच्या घड्याळाने दुपारी ३ वाजून ४३ मिनिटे अशी होती. आधीच्या मोहिमेला झालेल्या विलंबामुळे तारीख पुढे सरकत गेली. त्यानंतर डाकारचे हवामान बिघडले. तेव्हा पर्याय म्हणून कासाब्लांकाचा विमानतळ घ्यावा असे ठरले. पण फ्लोरिडात दुपारचे पावणेचार वाजतात तेव्हा मोरोक्कोत रात्र झालेली असते, आणि कासाब्लांकाच्या विमानतळावर शटलला रात्री उतरवून घेण्याची सोय नव्हती. पलीकडे उजेड हवा, म्हणून इकडे उड्डाणाची वेळ दुपारऐवजी सकाळ करण्यात आली. पुढे आणखी अडथळे आले. फ्लोरिडातील हवामानाचा अंदाज, दाराच्या कडीचा बिघाड आणि आडवे वारे ह्यांत दोन दिवस गेले. अखेर २८ जानेवारीला सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर निघाले. रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरला होता, उड्डाणतळावर बर्फाचे सुळके लोंबत होते, आणि उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान अवघे २ अंश सेल्सिअस होते. त्याआधीच्या कोणत्याही शटल उड्डाणाच्या वेळी एवढी थंडी नव्हती. घन इंधनाच्या अग्निबाणांतील सांध्यांवरची रबरी कडी थंडीने ताठरली, वायू निसटला, आणि ७३ सेकंदांत सात माणसे गेली.

इथे सावध राहिले पाहिजे. कासाब्लांकाला दिवे असते तर सात जण वाचले असते, असे विधान आम्ही करणार नाही. रबरी कड्यांचा दोष आधीपासून ठाऊक होता. आदल्या रात्री अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी १२ अंशांखाली उड्डाण करू नये असा सल्ला दिला होता, आणि तो व्यवस्थापनाने बाजूला सारला. अपराध त्या निर्णयाचा आहे, मोरोक्कोतल्या विमानतळाचा नव्हे. शिवाय त्या दिवशी दुपारीही फार ऊब आली असती असे नाही. तरीही ह्या प्रसंगातून एक गोष्ट लख्ख दिसते. आपण समजतो की विमानतळ ही निष्क्रिय जागा आहे. यान निर्णय घेते आणि जागा त्याला सामावून घेते. प्रत्यक्षात ज्या धावपट्टीवर यान उतरणारच नव्हते तिच्या उणिवेने यानाची वेळ ठरवली. जागाही निर्णयात भाग घेते, तो निर्णय कोणाच्या ध्यानात आला नाही तरी.

दुर्घटनेनंतर सगळ्याच व्यवस्थांची फेरतपासणी झाली. डाकारच्या धावपट्टीतील उणिवा आणि भोवतालचा भूगोल ह्यांमुळे ती जागा सोडण्यात आली. कासाब्लांकाची जागा मोरोक्कोतीलच बेन गेरीर ह्या जुन्या हवाई तळाने घेतली, आणि डाकारची जागा गाम्बियाच्या राजधानीजवळील युंडुम येथील बांजुल विमानतळाने. गाम्बिया हा नदीच्या दोन्ही तीरांवर लांबट पसरलेला, तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला चिमुकला देश. १९६५ मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेला. भुईमुगाची शेती आणि हिवाळ्यात ऊन शोधत येणारे युरोपीय प्रवासी ह्यांवर त्याचा संसार चाले. त्या प्रवाशांची विमाने जिथे उतरत त्याच सुमारे ३.६ किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर आता शटलसाठी खास दिवे आणि दिशादर्शक यंत्रणा बसली. उड्डाणाची तारीख आली की अमेरिकेहून माणसे येत, हवामानाचे फुगे सोडत, आणि स्थानिक कर्मचाऱ्यांसह आकाशाकडे कान लावून बसत. यान कक्षेत पोचल्याचा निरोप आला की सामान आवरून निघून जात.

ह्या व्यवस्थेला करार होता, प्रशिक्षण होते, यजमान देशाची संमती होती. तरी ह्या नात्यातले असमानपण लपत नाही. १९९४ च्या जुलैमध्ये गाम्बियात लष्कराने सत्ता हाती घेतली, त्यानंतरही धावपट्टीची गरज संपली नाही, कारण कक्षेचा कोन बदलला नव्हता. ती संपली वेगळ्याच कारणाने. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक विषुववृत्ताशी ५१.६ अंशांच्या कलाने फिरते. शटलच्या मोहिमा तिकडे वळल्या तशी वाट उत्तरेकडे सरकली, आणि पलीकडचा किनारा आता स्पेन आणि फ्रान्स झाला. सारागोसा, मोरोन आणि पुढे इस्त्र ह्या जागांवर भिस्त आली. नव्या शतकाच्या आरंभी बांजुलचे काम संपले. गाम्बियाने काही गमावले असे म्हणता येत नाही. धावपट्टी तिथेच राहिली. पण त्या देशाच्या विमानतळाला अवकाशाशी जोडणारा आणि तोडणारा निर्णय त्याच्या हाती कधीच नव्हता.

आणि पाहुणा? तो आलाच नाही. १९८१ ते २०११ ह्या तीस वर्षांत शटलची १३५ उड्डाणे झाली. परतलेल्या १३३ यानांपैकी ७८ केनेडी केंद्रात उतरली, ५४ कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर, आणि १ न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सवर. २९ जुलै १९८५ रोजी चॅलेंजरचे एक इंजिन वाटेत बंद पडले होते, पण ते यान ठरल्याहून खालच्या कक्षेत का होईना पोचले. महासागर ओलांडून उतरण्याची वेळ एकदाही आली नाही. गँडर, हॅलिफॅक्स, शॅनन, कोलोन-बॉन अशी कितीतरी नागरी विमानतळांची नावे आणीबाणीच्या याद्यांत होती; तीही यादीतच राहिली. शटल यान मोठ्या नागरी विमानतळांवर आले ते २०१२ मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या डलेसला, न्यूयॉर्कला, लॉस एंजेलिसला. मात्र ७४७ च्या पाठीवर बसून, संग्रहालयाकडे जाताना. अवकाशयान आणि प्रवासी विमानतळ ह्यांची भेट झाली ती निवृत्तीनंतर!

सोव्हिएत संघाच्या बुरान यानाची कथा ह्याहून विलक्षण आहे. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी एकदाच, माणसाविना उडून ते बायकोनूरजवळ आपोआप उतरले. त्याच्यासाठी राखीव म्हणून क्रिमियातील सिम्फेरोपोल येथेही एक लांब धावपट्टी बांधली होती. तिच्यावर बुरान कधी उतरले नाही. उतरली ती प्रवासी विमाने. गाम्बियात प्रवाशांची धावपट्टी यानासाठी सजली, इथे यानाची धावपट्टी प्रवाशांना मिळाली.

असो. आता हंट्सव्हिलकडे वळू. प्रश्न तोच दिसतो, पण त्याचा अर्थ बदलला आहे. डाकार आणि बांजुलला विचारले गेले होते ते असे: सर्व काही बिघडले तर तुम्ही आम्हांला आसरा द्याल काय? हंट्सव्हिलला विचारले गेले ते असे: सर्व काही ठीक असताना, नेहमीचा व्यवसाय म्हणून, तुम्ही आम्हांला उतरवून घ्याल काय? आसरा आणि व्यवसाय ह्यांत फरक आहे. आसऱ्यासाठी लोक मोठा धोका पत्करतात, कारण तो एकदाचा असतो. व्यवसायात तोच धोका पुन्हा पुन्हा येतो, आणि म्हणून तो मोजावा लागतो.

ज्या यानासाठी हे चालले आहे ते सिएरा स्पेस कंपनीचे ‘ड्रीम चेसर’. लांबी सुमारे ९ मीटर, म्हणजे शटलच्या चौथाई; माल नेणारे, माणसाविना चालणारे, पंख दुमडणारे. त्याचा आकार नासाच्या एचएल-२० ह्या जुन्या आराखड्यावरून आला, आणि त्या आराखड्यामागे १९८० च्या दशकाच्या आरंभी हिंदी महासागरातून बाहेर काढले जात असताना ऑस्ट्रेलियाच्या विमानाने टिपलेले सोव्हिएत बोर-४ यान आहे. शटलच्या काळातल्या काही अडचणी इथे मुळातच टाळल्या आहेत. इंधन म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि केरोसीन वापरल्यामुळे विषारी हायड्रॅझिनचा प्रश्न उरत नाही. यान थांबल्यावर माणसे लवकर जवळ जाऊ शकतात. पुढच्या चाकाऐवजी घसरपट्टी आहे, त्यामुळे धावपट्टीच्या पृष्ठभागाची काळजी वेगळ्या प्रकारे करावी लागते. हंट्सव्हिलच्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी मोठी १२,६०० फूट लांब आहे. शहरातच नासाचे मार्शल अवकाश उड्डाण केंद्र असून अवकाश स्थानकावरील वैज्ञानिक प्रयोगांचे कामकाज तिथून चालते. प्रयोगांचे नाजूक नमुने समुद्रातून उचलण्याऐवजी धावपट्टीवरून थेट प्रयोगशाळेत न्यावेत, हा त्यामागचा हिशेब.

अमेरिकी नियमांत धोक्याची मर्यादा आकड्यांत दिलेली आहे. यानाच्या एका पुनःप्रवेशामुळे जमिनीवरील सर्व लोकांना मिळून होणाऱ्या अपेक्षित प्राणहानीचे वा गंभीर दुखापतीचे प्रमाण १०,००० मध्ये १ ह्याहून अधिक असता कामा नये. ह्या आकड्यात बांधकाम विभागाची मोजपट्टी नाही. त्यात यानाच्या वाटेखालची गावे आहेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना टेक्सासवर विखुरले, त्याचे तुकडे विस्तीर्ण प्रदेशावर पडले, आणि जमिनीवर कोणीही जखमी झाले नाही हे नशीब. त्या दिवसानंतर विमानतळाची पारख धावपट्टीच्या कुंपणापाशी थांबू शकत नाही. यान जिथे टेकणार तिथून शेकडो किलोमीटर अलीकडे, ज्यांना ह्या व्यवहाराची वार्ताही नाही अशा लोकांच्या छपरांवरून ती सुरू होते.

भारतातही ह्या दिशेने पावले पडली आहेत. इस्रोने आपल्या ‘पुष्पक’ ह्या पंख असलेल्या प्रायोगिक यानाच्या उतरण्याच्या चाचण्या एप्रिल २०२३ ते जून २०२४ ह्या काळात तीनदा केल्या. हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलेले हे यान ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकले. इस्रोनेच दिलेल्या तुलनेनुसार प्रवासी विमानाचा हा वेग २६० च्या आसपास असतो. ह्या चाचण्यांसाठी निवडलेली जागा होती कर्नाटकातील चित्रदुर्गची चाचणीभूमी. नागरी विमानतळ नव्हे, आणि ते योग्यच होते. वस्तीजवळ जाण्याचा हक्क आधी वस्तीपासून दूर सिद्ध करावा लागतो.

हंट्सव्हिलचा परवाना हाती आला, पण पाहुणा तिथेही आलेला नाही. ड्रीम चेसरचे पहिले उड्डाण वारंवार पुढे गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने करार बदलून स्थानकाकडे जाण्याऐवजी आधी स्वतंत्र चाचणी उड्डाण करण्याचे ठरवले. कदाचित ह्या विमानतळाच्या वाट्यालाही बांजुलसारखी प्रतीक्षाच येईल, कदाचित नाही.

पण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळे. ज्या रात्री अभियंते थंडीविषयी बजावत होते, त्या रात्रीच्या दूरध्वनी-चर्चेत हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रातील व्यवस्थापकही होते. घन इंधनाच्या अग्निबाणांची जबाबदारी त्याच केंद्राकडे होती. तेव्हा पलीकडच्या विमानतळाची उणीव दिसताच उड्डाणाची वेळ बदलण्यात कोणालाही अडचण वाटली नाही. यानाने जागेचे ऐकले. जवळच्या माणसाचे मात्र ऐकले गेले नाही, कारण वेळापत्रक तोवर फार लांबले होते. व्यवसाय आला की वेळापत्रक येते, आणि वेळापत्रकाला नकार ऐकण्याची सवय नसते. विमानतळ अवकाशयान उतरवून घेण्यास योग्य आहे काय, ह्याची खरी कसोटी म्हणून आम्ही लांबी, दिवे आणि आकडे ह्यांच्या शेवटी आणखी एक प्रश्न लिहू: यान आकाशात निघण्याआधी, सारे खर्च झालेले असताना, त्या विमानतळावरचा एखादा अधिकारी ‘आज नको’ असे म्हणाला, तर त्याचे ऐकले जाईल काय? ह्याचे उत्तर होय असेल, तर १२,६०० फूट पुरेसे आहेत. नसेल, तर १५,००० फूटही अपुरेच पडतील.